कंपन्यांचे बेनामी धनी

रुमानिया आणि युक्रेन यांच्यामध्ये वसलेला मोल्दोव्हा हा युरोपातील एक लहान आणि गरीब देश. २०१४ साली या देशातील तीन बँकांतून सुमारे १०० कोटी डॉलर नाहीसे झाले. मोठमोठ्या घोटाळ्यांच्या आकड्यांची सवय झालेल्या आपल्या वाचकाला ही रक्कम कदाचित डोळे दिपवणारी वाटणार नाही. परंतु मोल्दोव्हाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाचा तो सुमारे आठवा हिस्सा होता. बँका कोसळू नयेत म्हणून सरकारला त्यांत पैसा ओतावा लागला आणि अखेर त्या कर्जाचा बोजा सामान्य करदात्यांच्या माथी बसला. पुढील वर्षी राजधानीत हजारो लोक रस्त्यावर उतरले. एका माजी पंतप्रधानाला तुरुंगात जावे लागले. पैसा मात्र बव्हंशी परत आला नाही.

या पैशाचा माग काढणारे तपासनीस लॅटव्हियातील बँकांमार्गे स्कॉटलंडपर्यंत पोहोचले. तेथे त्यांना एक भागीदारी संस्था आढळली. तिचा पत्ता एडिंबरोमधील एका साध्या निवासी वस्तीतला होता आणि भागीदार म्हणून नोंदलेली नावे माणसांची नसून, हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर नोंदलेल्या दोन कंपन्यांची होती. या कंपन्यांचा मालक कोण, याचे उत्तर कोणत्याही खुल्या दप्तरात मिळत नव्हते. चोरी झाल्याचे ठाऊक होते, पैसा कोणत्या वाटेने गेला तेही ठाऊक होते. परंतु वाटेच्या शेवटी उभा असलेला माणूस दिसू नये, अशी कायदेशीर सोय आधीच करून ठेवलेली होती.

काळा पैसा पांढरा करण्याच्या व्यवहारात या सोयीचे महत्त्व किती, हे समजून घेतले पाहिजे. लाच खाणाऱ्या मंत्र्याला किंवा अफूच्या व्यापाऱ्याला पैसा मिळवणे एक वेळ सोपे असते. तो उजळ माथ्याने वापरणे अवघड असते. स्वतःच्या नावावर लंडनमध्ये घर घेतले तर प्रश्न विचारले जातात. म्हणून घर एक कंपनी घेते, त्या कंपनीचे भाग दुसऱ्या देशातील दुसऱ्या कंपनीच्या नावे असतात आणि दुसरीचे भाग तिसऱ्या देशातील एखाद्या न्यासाकडे. प्रत्येक पायरीवर कागद अगदी चोख असतो. कोठे संचालक म्हणून फी घेऊन सही करणारा कोणी वकील असतो, तर कोठे ज्याने कंपनीचे नावही ऐकलेले नाही असा गरीब माणूस. एका देशाच्या पोलिसाने दुसऱ्या देशाला पत्र लिहावे, त्याचे उत्तर येईपर्यंत पैसा चौथ्या देशात गेलेला असावा, असा हा खेळ आहे. केमन बेटांवरील अग्लंड हाउस या एकाच इमारतीच्या पत्त्यावर १८,८५७ संस्थांची नोंद असल्याचे अमेरिकी काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २००८ साली नमूद केले होते. या साऱ्याच संस्था गुन्हेगारीसाठी स्थापन झालेल्या असतात असे नव्हे. तथापि त्या गर्दीत लपणे गुन्हेगाराला किती सोपे जाते, हे सांगण्यास एवढा आकडा पुरेसा आहे.

याच्या शेजारी सामान्य माणसाची स्थिती ठेवून पाहावी. एखाद्या शिक्षकाला बँकेत बचत खाते उघडावयाचे असेल तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि पॅन क्रमांक द्यावा लागतो. काही वर्षांनी हे सारे पुन्हा द्यावे लागते, नाही तर खात्यावरील व्यवहार थांबतात. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण जगातील अनेक देशांत कंपनी स्थापन करावयास यापेक्षा कमी पुरावे पुरत आले आहेत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

या विषमतेवर इलाज म्हणून गेल्या दशकात एक कल्पना पुढे आली: प्रत्येक कंपनीने आपला खरा मालक, म्हणजे जिच्या हाती अखेरीस नफा आणि नियंत्रण जाते ती हाडामांसाची व्यक्ती, सरकारदप्तरी नोंदवावी. कायदा तिला लाभधारी मालक म्हणतो. १९८९ साली सात धनाढ्य राष्ट्रांनी पॅरिसच्या परिषदेत स्थापन केलेल्या ‘फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स’ या संघटनेने ही अपेक्षा आपल्या शिफारशींत घातलेली आहे आणि मार्च २०२२ मध्ये ती अधिक कडक केली. २०१६ च्या एप्रिलमध्ये पनामातील मोसॅक फोन्सेका या वकिली पेढीची सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रे फुटली, २ लाखांहून अधिक कंपन्या आणि न्यास यांची आतली बाजू जगासमोर आली आणि आइसलंडच्या पंतप्रधानांना पद सोडावे लागले. त्यानंतर या कल्पनेला विरोध करणे राज्यकर्त्यांना कठीण झाले. परंतु कल्पना मान्य होणे आणि कायदा कामाचा होणे, यांत बरेच अंतर असते. निरनिराळ्या देशांनी हे अंतर कसे कापले, किंवा कापण्याचे टाळले, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

पहिला मान ब्रिटनचा. २०१५ च्या कायद्यानुसार २०१६ पासून तेथील कंपन्यांना २५ टक्क्यांहून अधिक भाग किंवा मताधिकार असलेल्या, अथवा अन्य प्रकारे कंपनीवर ताबा असलेल्या व्यक्तीचे नाव जाहीर करावे लागते आणि ही नोंद जगातील कोणीही घरबसल्या विनामूल्य पाहू शकतो. स्कॉटलंडच्या ज्या भागीदारी संस्थांचा उल्लेख वर आला आहे त्यांनाही २०१७ पासून हा नियम लागू झाला. एवढी खुली व्यवस्था तोवर कोणत्याही बड्या अर्थसत्तेने केलेली नव्हती. परंतु तिच्यात एक मोठी उणीव राहून गेली: दिलेले नाव खरे की खोटे, हे कोणी तपासतच नव्हते. कंपनी निबंधकाचे काम आलेला कागद फाइलला लावण्याचे, एवढेच होते आणि १२ पौंड भरले की कंपनी स्थापन होत असे. ही पोकळी दाखवून देण्यासाठी एका नागरिकाने २०१३ साली खुद्द व्यापारमंत्र्यांच्या नावाने, त्यांना न विचारता, कंपनी नोंदवून दाखवली आणि नंतर ती हकीकत स्वतःच अधिकाऱ्यांना कळवली. खोटी माहिती दिल्याबद्दल ब्रिटनमध्ये पहिली शिक्षा झाली ती २०१८ साली, आणि ती याच गृहस्थांना! नोंदवहीत खोटी नावे लिहून जे मुकाट राहिले, त्यांच्या वाट्याला कोणी गेले नाही. पुढे युक्रेनवर रशियाने आक्रमण केल्यावर, लंडनमधील कोणती घरे कोणत्या रशियन धनिकाची हे सांगता येईना, तेव्हा ब्रिटिश संसद जागी झाली. २०२२ च्या कायद्याने घरे-जमिनी बाळगणाऱ्या परदेशी कंपन्यांना मालकाचे नाव नोंदवणे भाग पडले, २०२३ च्या कायद्याने निबंधकाला माहिती तपासण्याचे व नाकारण्याचे अधिकार मिळाले आणि नोव्हेंबर २०२५ पासून संचालक व खरे मालक यांची ओळख पडताळणे सक्तीचे झाले. खुलेपणा २०१६ साली आला आणि पडताळणी जवळजवळ दहा वर्षांनी. त्यातही ब्रिटिश ध्वजाखालील अनेक बेटांनी, खुली नोंदवही ठेवण्याच्या मुदती ठरल्या असतानाही, त्या उलटू दिल्या.

युरोपीय संघाची वाटचाल नेमकी उलट दिशेने झाली. २०१५ च्या निर्देशाने सदस्य देशांना अशा नोंदी ठेवण्यास सांगितले आणि २०१८ च्या निर्देशाने त्या सर्वांना खुल्या केल्या. लक्झेंबर्गसारख्या, गुप्ततेवर श्रीमंत झालेल्या छोट्या देशालाही आपले दप्तर उघडावे लागले. २०२१ साली फ्रान्सच्या ‘ल माँद’ने अन्य पत्रकारांच्या साह्याने ते दप्तर चाळले, तेव्हा तेथील निधींमागील कितीतरी नावे प्रथमच प्रकाशात आली. परंतु २२ नोव्हेंबर २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, अशी माहिती सरसकट सर्वांना पाहू देणे हा खासगी जीवनाच्या मूलभूत हक्कावर अनावश्यक आघात आहे. लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांनी लगोलग आपली नोंदवही बंद केली आणि इतर काही देश त्यांच्या मागे गेले. न्यायालयाने पत्रकार आणि नागरी संघटना यांचा न्याय्य हितसंबंध मान्य केला होता, हे खरे. २०२४ च्या नव्या निर्देशाने त्यांना प्रवेश देण्याची तरतूदही केली. परंतु खुले दार आणि अर्ज करून उघडणारे दार यांतील फरक, ज्याने कधी सरकारी कचेरीत खेपा घातल्या आहेत त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

या फरकाची किंमत किती असू शकते, हे माल्टा या भूमध्य समुद्रातील बेटाने दाखवले आहे. तेथील पत्रकार डाफ्ने कारुआना गालिझिया यांनी २०१७ च्या प्रारंभी दुबईतील ‘सेव्हनटीन ब्लॅक’ नावाच्या एका कंपनीचा उल्लेख आपल्या लिखाणात केला आणि सत्ताधाऱ्यांशी तिचा संबंध असल्याचे सुचवले. तिचा मालक कोण हे त्यांना शोधून काढता आले नाही. त्याच वर्षी १६ ऑक्टोबर रोजी मोटारीत ठेवलेल्या बाँबने त्यांची हत्या झाली. कंपनीमागील उद्योगपतीचे नाव इतर पत्रकारांनी उजेडात आणले ते नोव्हेंबर २०१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर. नोंदवही बंद असली की शोध थांबतो असे नाही. तो शोध घेणाऱ्यांना अधिक धोका पत्करावा लागतो.

अमेरिकेची कथा आणखी निराळी आहे. जगाला पारदर्शकतेचे धडे देणाऱ्या या देशात डेलावेअरसारखी राज्ये कंपन्यांना मालकाचे नाव न विचारता जन्म देत आली. अखेर १ जानेवारी २०२१ रोजी अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने कंपनी पारदर्शकता कायदा संमत केला. नोंदवही जनतेसाठी नव्हती, ती केवळ अर्थखात्यासाठी व तपासयंत्रणांसाठी होती. तरीही ३ कोटींहून अधिक कंपन्यांना ती लागू होणार होती. २०२४ च्या आरंभी अंमलबजावणी सुरू झाली, न्यायालयांत खटले उभे राहिले आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने एका अंतरिम नियमाने देशात स्थापन झालेल्या साऱ्या कंपन्यांना त्यातून वगळले. उरल्या त्या फक्त अमेरिकेत धंदा करणाऱ्या परदेशी कंपन्या. संसदेने केलेला कायदा पुस्तकात राहिला आणि त्याचा प्राण एका नियमाने काढून घेतला गेला.

आता आपल्याकडे वळू. मालकी एकाच्या नावे आणि उपभोग दुसऱ्याचा, या प्रकाराला भारतीय भाषांत फार जुना आणि नेमका शब्द आहे: बेनामी. १८५४ साली प्रिव्ही कौन्सिलने असे व्यवहार या देशाची एक प्रचलित रीत म्हणून मान्य केले होते. ही रीत गुन्हा ठरावयास १९८८ साल उजाडले, आणि त्या कायद्याला दात यावयास २०१६ ची दुरुस्ती व्हावी लागली. ज्या समाजाला बेनामी म्हणजे काय हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याने कंपन्यांच्या बाबतीत तरी अधिक सावध असावयास हवे होते. २०१७ मध्ये सरकारने वर्षानुवर्षे विवरणपत्रे न भरणाऱ्या २ लाखांहून अधिक कंपन्या निबंधकाच्या यादीतून काढून टाकल्या, तेव्हा या रोगाचा आवाका काहीसा लक्षात आला.

कागदावर आपला कायदा ब्रिटनपेक्षा कडक आहे, हे मान्य केले पाहिजे. कंपनी कायद्याच्या कलम ९० मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली, २०१८ साली नियम आले आणि २०१९ साली ते सुधारले गेले. त्यांनुसार १० टक्के किंवा त्याहून अधिक अंतिम हितसंबंध असलेल्या व्यक्तीने स्वतःला जाहीर करावयाचे आहे. मर्यादा खाली आणण्याचा लाभ साध्या अंकगणितानेही कळतो: २५ टक्क्यांची अट असेल तर पाच आप्तेष्टांत २० - २० टक्के वाटून सारेच अदृश्य होऊ शकतात, १० टक्क्यांच्या अटीत त्यासाठी किमान अकरा विश्वासू माणसे शोधावी लागतात. जी व्यक्ती आपले नाव सांगणार नाही तिचे भाग गोठवण्यासाठी कंपनीने न्यायाधिकरणाकडे जावे, अशीही सोय कायद्यात आहे.

परंतु याच कायद्यात तीन मोठ्या फटी आहेत. पहिली फट मोजणीच्या रीतीत आहे. भारतीय कंपनीचे भाग दुसऱ्या कंपनीच्या नावे असतील, तर त्या दुसऱ्या कंपनीत किंवा तिच्या सर्वोच्च धारक कंपनीत ज्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा आहे, त्याचीच अप्रत्यक्ष मालकी धरली जाते. तीन भावांनी एखाद्या बेटावर कंपनी काढून तिचे एक-एक तृतीयांश भाग घेतले आणि तिच्यामार्फत भारतीय कंपनीचे ४० टक्के भाग विकत घेतले, तर तिघांतील एकमत किंवा प्रत्यक्ष ताबा अन्य मार्गाने सिद्ध होईपर्यंत एकाचेही नाव नोंदवहीत येणार नाही. दुसरी फट शिक्षेची. २०२० च्या दुरुस्तीने तुरुंगवासाची तरतूद काढून टाकली आणि नाव जाहीर न करणाऱ्या व्यक्तीवरील दंडाची कमाल मर्यादा २ लाख रुपये ठेवली. कोट्यवधी रुपये दडवणाऱ्याला ही शिक्षा नव्हे, तो धंद्यातील एक किरकोळ खर्च आहे. तिसरी फट सर्वांत महत्त्वाची: कंपनीने ठेवावयाची ही नोंदवही पाहण्याचा हक्क कलम ९० ने दिला आहे तो त्या कंपनीच्या सभासदाला, तोही फी भरून. नागरिकाला, पत्रकाराला, कंपनीला माल उधार देणाऱ्या लहान पुरवठादाराला हे कलम असा हक्क देत नाही. खऱ्या मालकाच्या नावावरून त्याच्या साऱ्या कंपन्या शोधता येतील अशी खुली सूची आपल्याकडे नाही.

देशाच्या सीमेबाहेर गेले की तर नियामकही हतबल होतात. एका बड्या उद्योगसमूहाच्या समभागांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने मे २०२३ मध्ये अहवाल दिला. समितीने कोणाला दोषी धरले नाही. परंतु १३ विदेशी संस्थांमागील अंतिम मालक कोण, याचा ‘सेबी’ २०२० पासून करत असलेला तपास निष्कर्षाप्रत पोहोचलेला नाही, हे त्या अहवालातून स्पष्ट झाले. समन्स काढण्याचे अधिकार असलेल्या संस्थेची ही गत असेल, तर आयुष्यभराची पुंजी समभागांत गुंतवणाऱ्या निवृत्त कारकुनाने कशाच्या आधारावर विश्वास ठेवावा?

नोंदवही खुली करण्याविरुद्ध जो आक्षेप घेतला जातो, तो झटकून टाकण्यासारखा नाही. खासगी जीवन हा आपल्याकडेही मूलभूत हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तसा निःसंदिग्ध निर्वाळा दिला आहे. श्रीमंत माणसाचे नाव जाहीर झाले तर खंडणीखोर मागे लागतील, ही भीतीही अगदीच काल्पनिक नाही. परंतु या संदर्भात दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक म्हणजे कंपनी ही निसर्गाने निर्माण केलेली वस्तू नव्हे. ती कायद्याने दिलेली सवलत आहे. कंपनी बुडाली तरी भागधारकाचे घरदार शाबूत राहते. देणेकऱ्यांचे नुकसान समाज सोसतो. ब्रिटिश संसदेने १८५५ साली मर्यादित जबाबदारीची ही सवलत सर्वसाधारणपणे खुली केली, तेव्हापासून तिच्या बळावर उद्योग वाढले, हे निर्विवाद आहे. पण ज्याला ही सवलत हवी, त्याने तिच्या मोबदल्यात आपले नाव सांगावे, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणता येईल? ज्याला नाव सांगावयाचे नाही त्याने स्वतःच्या जोखमीवर धंदा करावा. त्याला कोणी अडवलेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. महाराष्ट्रात दोन एकर कोरडवाहू जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याचा सातबारा कोणीही पाहू शकतो. त्यात त्याचे नाव असते, जमिनीचे क्षेत्र असते, सोसायटीचे कर्ज असेल तर तेही नोंदलेले असते. जमिनीचे व्यवहार फसवणुकीविना व्हावेत म्हणून ही नोंद खुली असणे समाजाने आवश्यक मानले आणि शेतकऱ्याच्या खासगीपणाची सबब कोणी पुढे केली नाही. मग हजारो एकर जमीन विकत घेणाऱ्या, सार्वजनिक कामांचे ठेके मिळवणाऱ्या आणि बँकांतील ठेवीदारांचा पैसा कर्जाऊ उचलणाऱ्या कंपनीच्या मालकाला शेतकऱ्याहून अधिक गुप्ततेचा हक्क कोणत्या न्यायाने मिळतो?

इतर देशांच्या अनुभवावरून आपण काय करावे हे पुरेसे स्पष्ट आहे. ब्रिटनची खुली नोंदवही बरीच वर्षे खोट्या नावांनी भरत राहिली, कारण तपासणी नव्हती. युरोपची नोंदवही, तिचा उपयोग दिसू लागताच, बंद झाली. अमेरिकेची उघडण्यापूर्वीच रिकामी झाली. म्हणून केवळ नोंदवही ठेवणे पुरेसे नाही. नाव तपासले गेले पाहिजे, लोकांना दिसले पाहिजे आणि खोटे ठरल्यास महागात पडले पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच कायद्याला अर्थ आहे. आपल्याकडे संचालकांची ओळख तपासण्याची पद्धत २०१८ पासून रूढ आहे. तीच खऱ्या मालकांना लावण्यास नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. मालकाचे नाव, राष्ट्रीयत्व आणि हिश्शाचे प्रमाण एवढे जाहीर करून घराचा पत्ता व जन्मतारीख झाकून ठेवता येईल. ज्याच्या जिवाला खरोखरच धोका आहे त्याला चौकशीअंती अपवादही करता येईल. निम्म्याहून अधिक हिश्शाची अट काढून, प्रत्येक पायरीवरील हिस्सा मोजण्याची रीत आणावी. दंड कंपनीच्या उलाढालीशी जोडावा आणि नाव लपवलेल्या भागांवरील मताधिकार व लाभांश थांबवण्याचा मार्ग केवळ कंपनीच्या मर्जीवर न ठेवता निबंधकालाही खुला करावा. निदान सरकारी ठेके आणि सार्वजनिक बँकांची मोठी कर्जे मागणाऱ्या कंपन्यांपासून तरी याचा प्रारंभ तत्काळ व्हावयास हरकत नसावी.

असे केल्याने काळा पैसा नाहीसा होईल, अशी भाबडी आशा कोणी बाळगू नये. सोने, रोकड आणि हवाला यांचे मार्ग राहतीलच आणि परदेशांतील बेटे आपल्या कायद्याने वठणीवर येणार नाहीत. परंतु आपल्या देशात जमीन, ठेका वा कर्ज मिळवणाऱ्या कंपनीमागे कोण आहे, हे जाणून घेण्यासाठी सेशेल्सच्या परवानगीची गरज नाही. हा निर्णय पूर्णतः आपल्या संसदेच्या हाती आहे. मोल्दोव्हाच्या जनतेला आपल्या बँका कोणी लुटल्या हे विचारण्याची वेळ पैसा गेल्यानंतर आली. आपल्याकडे हा प्रश्न आधी विचारता येणे शक्य आहे, आणि तो विचारण्याचा हक्क केवळ भागधारकांना न ठेवता नागरिकांनाही मिळाला पाहिजे.